पेंटरचा दम

शहर बसचा ड्रायव्हर म्हणून माझी सगळी नोकरी आरशात धावणारी माणसं बघण्यात गेली. बस सुटली की मागून कोणीतरी येतंच. एका हातात पिशवी, दुसरा हात वर, तोंड उघडं. कधी थांबलो, कधी नाही. त्यामुळे धावणाऱ्या माणसाबद्दल मला कधी आदर वाटला नाही. वेळेवर घरातून निघाला असता तर धावावं लागलं नसतं, एवढंच माझं मत. म्हणून माझ्या धाकट्या बहिणीने एके दिवशी फोन करून "दादा, हे पळायला लागलेत" असं सांगितलं, तेव्हा मी सरळ विचारलं, "का? काय सुटलं त्यांचं?"

हे म्हणजे तिचे यजमान. सगळे त्यांना पेंटर म्हणतात, मीही तेच म्हणतो. दुकानांच्या पाट्या, दवाखान्यांच्या काचा, ट्रकच्या मागच्या फळ्या म्हणजे फाळके, जिथे अक्षर लागतं तिथे पेंटर. हल्ली स्टिकर छापणारी मशिनं आलीत, पण हाताने लिहिलेलीच पाटी हवी असा हट्ट धरणारी काही माणसं अजून शिल्लक आहेत आणि त्यांच्यावर यांचं चालतं. माणूस अत्यंत सावकाश. जेवायला बसले तरी आधी ताट टेबलाच्या कडेला समांतर करून घेतील, मग पहिला घास. असा माणूस पळतो म्हणजे काय करतो, हे बघायला मी रविवारी त्यांच्या घरी गेलो.

पेंटर न्हाणीघरातल्या स्टुलावर बसले होते आणि पाय गरम पाण्याच्या बादलीत होते. एका अंगठ्याचं नख काळंनिळं झालं होतं. बहीण दारात कमरेवर हात ठेवून उभी होती.

"विचार यांना," ती म्हणाली. "माझ्याशी तर बोलतच नाहीत."

"शर्यत आहे," पेंटर बादलीत बघत म्हणाले. "एकवीस किलोमीटर. नाव दिलंय."

"पण का?"

"बघू."

हा त्यांचा आवडता शब्द. स्वयंपाकघराला रंग कधी देणार, बघू. लेकीकडे कधी जायचं, बघू. बहीण टॉवेल आणायला आत गेली तेव्हा मात्र त्यांनी मान वर केली आणि आवाज खाली आणला.

"दादा, बाबा त्रेपन्नाव्या वर्षी गेले. मला या वर्षी त्रेपन्नावं लागलंय."

त्यांचे वडीलही पेंटरच. एका औषधाच्या दुकानाची पाटी लिहिताना, शिडीवर, एक अक्षर अर्धं असताना गेले. खाली शिडी धरून हेच उभे होते. आधी ब्रश पडला, मग वडील. लोक म्हणाले हृदय, डॉक्टरही म्हणाले हृदय, आणि तेव्हापासून त्या घरात ते हृदय असं काही मुक्कामाला आलं की कोणी त्याला हलवू शकलं नाही.

"मग तर तुम्ही गुपचूप घरी बसायला हवं," मी म्हणालो.

"बसून कळत नाही ना."

"काय कळत नाही?"

"माझ्यातही ते आहे का नाही, ते. एकवीस किलोमीटर पळालो आणि काही झालं नाही, तर नाही. झालं, तर आहे."

बस दुरुस्त होऊन आली की आम्हीही ती आधी घाटावर नेऊन बघायचो. त्यामुळे त्यांचं म्हणणं मला थोडंफार पटलं, आणि पटलं याचाच राग आला. बसचा ब्रेक निकामी निघाला तर दुसरी बस मागवता येते.

बहिणीला हे सगळं माहीत होतं, अर्थात. मला सोडायला जिन्यापर्यंत आली तेव्हा म्हणाली, "लग्न झाल्यापासून मी हे त्रेपन्न ऐकतेय, दादा. आता एकदाचं आलंय." मग तिने मला हुकूम सोडला. ती पडद्यांच्या दुकानात शिवणकाम करते, सकाळी तिला निघावं लागतं. मी निवृत्त, रिकामा. तेव्हा मी रोज सकाळी स्कूटर घेऊन त्यांच्या मागे राहायचं. मी नाही म्हणायला तोंड उघडलं, पण तिने दार लावलंसुद्धा.

पुढचे काही आठवडे काय चाललं होतं ते मला तेव्हाही कळलं नाही आणि आताही नीट सांगता येणार नाही. पेंटरना पळायचं कसं हेच माहीत नव्हतं, आणि सांगणारे उदंड. बुटांच्या दुकानदाराने सांगितलं, पायाच्या मापाचे बूट घ्या. ते घेतले आणि नख गेलं. मग कळलं की पळायला एक माप मोठे घ्यायचे. फोनवरच्या व्हिडिओत एक जण सांगायचा, टाच आधी टेकवा. दुसरा म्हणायचा, टाच टेकवलीत तर गुडघे गेलेच म्हणून समजा. पेंटर एक दिवस टाचेवर, एक दिवस चवड्यावर पळाले आणि तिसऱ्या दिवशी दोन्ही करायला गेले तेव्हा जिन्यावरून उलटे उतरायची वेळ आली. उपाशीपोटी पळा, असं एकाने सांगितलं. भोवळ आली. केळी खाऊन पळा, असं दुसऱ्याने सांगितलं. केळ्यांचं काय झालं ते मी इथे लिहीत नाही. पिंडरीत असा गोळा यायचा की रस्त्याच्या कडेला बसून माणूस दोन्ही हातांनी स्वतःचा पाय धरून त्याच्याशी बोलायचा.

"दादा, हे बरोबर चाललंय का?" ते मला विचारायचे.

"मला काय विचारता? मी बसून नोकरी केली."

शेवटी मैदानावरचे मास्तर भेटले. शाळेत व्यायाम शिकवून निवृत्त झालेले, गळ्यात शिट्टी, डोक्याला टोपी, आवाज असा की पलीकडच्या इमारतीतली माणसं जागी व्हावीत. त्यांच्याकडे आठ-दहा जणांचा गट होता, सगळे त्याच शर्यतीची तयारी करणारे. मास्तरांनी पेंटरचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "व्हिडिओ बंद. आता फक्त माझं ऐकायचं." पेंटरच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा समाधान पाहिलं. एकाचंच ऐकायचं म्हटल्यावर त्यांचं निम्मं दुखणं पळालं.

आणि खरंच सुधारले हो. सपाट रस्त्यावर तर छान पळायला लागले. अंगावर रंगाचे डाग पडलेला जुना शर्ट, मान सरळ, पावलं एका रेषेत. मी मागून स्कूटर चालवताना एकदा-दोनदा मला कौतुकही वाटलं, ते मी त्यांना सांगितलं नाही.

पण पाण्याच्या टाकीचा चढ आला की सगळं बिघडायचं. शर्यतीच्या वाटेवर तो चढ होताच, टाळता येणार नव्हता. मास्तर चढाच्या तोंडाशी उभे राहून ओरडायचे, "दम धरा! दम धरा! सोडायचा नाही!" सगळे हळू होत, धापा टाकत, पण वर जात. पेंटर मात्र सुरुवातीला सगळ्यांच्या पुढे. मग चेहरा लाल, मग जांभळा. मग मध्येच कुठेतरी पाय लटपटायचे आणि खाली बसायचे. विचारलं तर म्हणायचे, डोळ्यांपुढे काजवे चमकले.

एकदा तर बसले नाहीत, पडले. तोंडावर. हनुवटी फुटली, टाके घालावे लागले. मी स्कूटर तशीच टाकून पळालो. मी पळालो, हे लक्षात घ्या. त्या क्षणी मला वाटलं, गेला माणूस. आता बहिणीला काय तोंड दाखवू? त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि हनुवटीला रुमाल दाबून धरला.

डॉक्टरबाईंनी सगळ्या तपासण्या केल्या. छातीला तारा लावून पट्ट्यावर चालवलं, पळवलं, पट्टा चढासारखा तिरका केला. तिथली मुलगी सारखी म्हणत होती, "काका, गप्प राहू नका, बोलत राहा, काय होतंय ते सांगा." पेंटर बिचारे भिंतीवरच्या पाटीतली अक्षरं कशी वाकडी आहेत ते तिला सांगत पळत राहिले. काहीही झालं नाही.

"हृदय उत्तम आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुमच्या वडिलांना नक्की काय झालं होतं?"

"हृदय," पेंटर म्हणाले.

"म्हणजे काय? नस बंद होती? ठोके बिघडले होते?"

"हृदय," ते पुन्हा म्हणाले. त्यापलीकडे कोणालाच काही माहीत नव्हतं.

असा रिपोर्ट आला की एखाद्या घरात आनंद झाला असता. आमच्याकडे उलट झालं. आजार सापडला असता तर गोळी मिळाली असती. आता आजार नाही आणि माणूस तर पडतोय. डॉक्टरबाईंनी सांगितलं, पडण्याचं कारण कळेपर्यंत शर्यत नको. बहिणीने सांगितलं, आणखी एकदा पडलात तर बूट कचऱ्याच्या गाडीत टाकीन. पेंटर दोघींनाही "बघू" म्हणाले. मी मात्र मनातून पुरता गोंधळलो होतो. बंद मीटरची गाडी चालवताना होतं तसं. वेग किती, पेट्रोल किती, काही कळत नाही, आणि गाडी तर चालूच आहे.

त्याच आठवड्यात बहीण मला म्हणाली, "हे मला पाण्याची मोटर कशी चालू करायची ते शिकवत होते. फ्यूज कुठे असतो ते दाखवलं. मी विचारलं, मला का दाखवताय, तर म्हणाले, असू दे, माहीत असावं." एवढं बोलली आणि पडद्याचं कापड तोंडाशी धरून रडली. मला तिचा राग आला नाही, पेंटरचा आला. ठरवलं, आज जाऊन सांगायचं, नाव मागे घ्या, पुरे झाला हा खेळ.

त्यांचं वर्कशॉप टायरच्या दुकानामागे, पत्र्याच्या शेडमध्ये. मी गेलो तेव्हा ट्रकच्या लांबलचक फाळक्यावर काम चालू होतं. अक्षरं लिहून झाली होती, खाली एक लाल रेघ ओढायची बाकी होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पेंटरनी खारीच्या केसांचा बारीक ब्रश रंगात बुडवला, डब्याच्या कडेला निथळला.

"पेंटर, मला तुमच्याशी बोलायचंय," मी म्हणालो.

उत्तर नाही. ब्रश टेकला होता. रेघ निघाली. मी दोनदा हाक मारली तरी ढिम्म. मला वाटलं, मुद्दामच करतात. जवळ जाऊन तोंडाकडे बघितलं तर चेहरा लाल. रेघ पुढे चालली तसा गळ्याची शीर फुगलेली, चेहरा जांभळा. तोच टाकीच्या चढावरचा चेहरा. मी घाबरून खांद्याला हात लावणार, तेवढ्यात रेघ त्या टोकाला पोचली, ब्रश उचलला गेला आणि पेंटरनी हुश्श करून एवढा मोठा श्वास सोडला की माझ्या चष्म्यावर वाफ धरली.

"हाक मारू नका हो मध्ये," ते म्हणाले. "दम धरलेला असतो."

"काय धरलेला असतो?"

"दम. दम धरल्याशिवाय रेघ सरळ येते का कधी? बाबा माझ्या नाकाखाली बोट धरून बसायचे. बोटाला वारा लागला की टपली. दम धर, मग ओढ, म्हणायचे."

मी तिथल्या रंगाच्या पिंपावर बसलो. डोक्यात काहीतरी हळूहळू फिरायला लागलं होतं.

"पेंटर, मास्तर चढावर काय ओरडतात?"

"दम धरा."

"मग तुम्ही काय करता?"

"धरतो," ते म्हणाले. "पण दादा, रेघ केवढीशी आणि तो चढ केवढा. इतर सगळे धरून वर कसे जातात तेच मला कळत नाही. मी तर मध्ये दोन-तीनदा सोडून पुन्हा धरतो, तरी पुरत नाही."

मी त्यांच्याकडे बघत राहिलो. मग मला जे हसू फुटलं ते आवरेना. पोट धरून हसलो, टायरवाला डोकावून गेला. "अहो, दम धरा म्हणजे धीर धरा! घाई करू नका, असं सांगतात ते! श्वास कोंडून चढ चढायला तुम्ही काय फुगा आहात?"

पेंटर हसले नाहीत. ब्रश हातात तसाच, रंग टपकत होता, एरवी एक थेंब वाया जाऊ देत नाहीत.

"म्हणजे इतर लोक श्वास घेतात?"

"घेतात! तोंड उघडून घेतात! ऐकू येत नाही का तुम्हाला?"

"मला वाटलं, त्यांना जमत नाही." त्यांनी ब्रश डब्यावर आडवा ठेवला. "म्हणजे मला काही झालेलंच नाही?"

"काही नाही."

"मग बाबांना काय झालं होतं?"

माझं हसू तिथल्या तिथे थांबलं. शिडीवर होते, अक्षर अर्धं होतं. खरं काय होतं कोण सांगणार? "ते मला माहीत नाही, पेंटर," मी म्हणालो. ते मान हलवत ब्रश धुवायला गेले आणि बराच वेळ धूत राहिले.

संध्याकाळी बहिणीला सांगितलं. ती आधी हसली, मग चिडली, मग पेंटरच्या पाठीत एक धपाटा घातला. डॉक्टरबाईंनी सगळं दोनदा ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "श्वास घेत पळणार असतील तर माझी हरकत नाही." मास्तर तर इतके ओशाळले की त्यांनी ते दोन शब्दच टाकून दिले. दुसऱ्या दिवसापासून चढावर "श्वास घ्या! श्वास घ्या!" सुरू झालं. पेंटरना ते सोपं गेलं नाही. चढ दिसला की सवयीने तोंड मिटायचं. पण मी मागून हॉर्न वाजवला की उघडायचं. असं करत करत एका सकाळी ते टाकीपाशी पोचले, उभे राहिले आणि धापा टाकत माझ्याकडे बघितलं. आनंदाने नाही. वाट चुकलेल्या माणसासारखं.

शर्यतीच्या सकाळी सगळं सुरळीत होतं. निम्म्यापेक्षा जास्त अंतर झालं तरी पावलं तशीच. बहीण रजा काढून टाकीच्या चढावर वरच्या टोकाला पाण्याची बाटली घेऊन उभी होती. मी बाजूच्या रस्त्याने स्कूटरवर. चढ आला. पेंटरचं तोंड उघडं, श्वास चालू, चेहरा नेहमीसारखा. ज्या ठिकाणी पडायचे ते ठिकाण मागे टाकलं. मी हॉर्नवर अंगठा ठेवून होतो, वाजवावा लागला नाही. आणि तिथून चार पावलं पुढे गेल्यावर पेंटर थांबले, रस्त्याच्या कडेला गेले आणि फुटपाथवर बसले.

स्कूटर उभी करून मी धावत गेलो. "काय होतंय? छातीत दुखतंय?"

"नाही."

"चक्कर?"

"नाही दादा. काहीच होत नाहीये." त्यांचा श्वास जोरजोरात पण व्यवस्थित चालला होता. "तेच तर. मी आता वर पोचणार. पुढेही पोचणार. मला कळतंय ते."

"मग बसलात कशाला?"

त्यांनी माझा हात धरला. वीस-पंचवीस वर्षांच्या नात्यात पहिल्यांदाच. "मी त्रेपन्नच्या पुढचा विचारच केला नव्हता कधी. एवढासुद्धा नाही. दुसऱ्यांना विचारायचीसुद्धा लाज वाटते. आता काय करायचं असतं?"

लोक आमच्या बाजूने धापा टाकत जात होते.

"दादा, तुम्ही काय केलंत? चोपन्नाव्या वर्षी?"

मी खरंच आठवून बघितलं. पुष्कळ ताण दिला. "मूळव्याध झाली होती," मी म्हणालो.

"आणि?"

"आणि काही नाही. बस चालवली."

मी थट्टा केली नव्हती, आणि त्यांनाही ती थट्टा वाटली नाही. "बस चालवली," असं हळूच म्हणून त्यांनी मान डोलावली, जणू मी काहीतरी फार उपयोगाचं सांगितलंय. मग चेहरा ओंजळीत घेऊन रडायला लागले.

बहिणीने वरून बघितलं असणार. चपला हातात घेऊन ती उतारावरून पळत आली, बाटलीतलं पाणी निम्मं सांडलेलं. "पडले?"

"नाही, बसलेत," मी म्हणालो. "ठणठणीत आहेत."

ती त्यांच्या शेजारी बसली. त्यांनी डोळे पुसले आणि तिला तोच प्रश्न विचारला, आता पुढे काय करायचं. मला वाटलं, आता ही ओरडणार, स्वयंपाकघराच्या रंगाचा, लेकीकडे जायचा विषय काढणार. ती मात्र बाटलीचं झाकण लावत राहिली, लागलेलं पुन्हा काढून लावलं.

"मला काय विचारता?" शेवटी ती म्हणाली. "तुमच्याबरोबर मीही त्रेपन्नच धरून चालले होते."

मग दोघंही माझ्याकडे बघायला लागले, आणि मी स्कूटरपाशी जाऊन हॉर्न वाजवला.